जळक्या तेलाचा हिशेब



घरात कार्यक्रम झाला की स्वयंपाकघरात एक डबा उरतोच. सांभारवडी, भजे, पुऱ्या तळून झाल्यावरचे काळपट तेल त्यात असते. टाकायला हात धजत नाही, कारण तेल महाग. आपला देश खायच्या तेलापैकी निम्म्याहून अधिक तेल बाहेरून आणतो. 2022 साली इंडोनेशियाने काही आठवडे पामतेल रोखले होते. तिकडे असे झाले की इकडे इतवारीतले भाव हलतात. मग ते डब्यातले तेल गाळून पुन्हा फोडणीला जाते, नाही तर मोरीतून नालीत आणि तिथून नाग नदीत.

गाळल्याने तेल साफ होते, हा समज काढून टाकला पाहिजे. गाळणीने जळकी कणी निघते, तेलात मुरलेला बिघाड निघत नाही. तेल वारंवार तापले, त्यात पदार्थाचे पाणी आणि बाहेरची हवा मिसळली की त्याचे तुकडे पडतात व नवी संयुगे तयार होतात. यांना पोलर कंपाउंड्स म्हणतात. तेल दाट होते, फेस येतो, डोळ्यांना झोंबणारा धूर निघतो. वाढलेला रक्तदाब, रक्तवाहिन्या कडक होणे, यकृताचे विकार यांच्याशी अशा तेलाचा संबंध जोडलेला आहे. म्हणून सरकारच्या अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने 1 जुलै 2018 पासून नियम केला की ही संयुगे 25 टक्क्यांच्या वर गेलेले तेल तळणाला वापरू नये. दिवसाला 50 लिटरपेक्षा जास्त तेल वापरणाऱ्यांनी त्याची नोंद ठेवावी आणि जळके तेल अधिकृत गोळा करणाऱ्यालाच द्यावे, असाही नियम पुढे आला. त्याच ऑगस्टमध्ये ‘रुको’ नावाची योजना निघाली. तीत असे तेल बायोडिझेलच्या कारखान्याला जाते. तिथे मिथेनॉल व कॉस्टिकच्या साहाय्याने तेलाचे इंधन होते आणि खाली ग्लिसरीन उरते. (हा उद्योग घरी कुणी करू नये, मिथेनॉल विषारी आहे.)

नियम चांगला आहे, पण तो मोठ्या हॉटेलांपुरता. चौकातला आलुबोंड्याचा ठेला 50 लिटर कुठून वापरणार? उलट मोठ्या कढईतले उरलेले तेल स्वस्तात लहान ठेल्यावर जाण्याची भीती असते, आणि तिथला समोसा खातात आपलीच मुले, आपलेच रिक्षावाले, मिस्त्री, हमाल. ठेलेवाल्याला दोष देऊन भागत नाही, त्याच्या पोटाचाही प्रश्न आहे. पण त्याला विचारायला काय हरकत आहे, की भाऊ, हे तेल कितव्यांदा तापते आणि शेवटी जाते कुठे?

आता घरच्या डब्याकडे येऊ. तेलाचे शास्त्र शिकायला नागपूरकराला परगावी जावे लागत नाही. कामठीचे डी. लक्ष्मीनारायण यांनी मृत्युपत्राने दिलेल्या पैशातून 1942 साली येथे लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट उभी राहिली, आणि तेल तंत्रज्ञान हा तिथला जुना विषय. माझे शिक्षण वाणिज्य शाखेचे, रसायनाचे नाही, पण वजनमाप कळते. आणि साबणात सगळा खेळ वजनाचाच आहे.

एक लिटर तेल म्हणजे एक किलो नव्हे, साधारण 920 ग्रॅम. त्याला 115 ग्रॅम कॉस्टिक सोडा आणि 300 मिलिलिटर पाणी. कॉस्टिक काट्यावर तोलूनच घ्यावा, मुठीच्या अंदाजाने घेतला तर साबण हात सोलून काढतो. तेल आधी कापडातून गाळावे. कॉस्टिक हळूहळू पाण्यात सोडावा, कॉस्टिकवर पाणी कधीही ओतू नये, ते उसळून अंगावर येते. पाणी आपोआप कढत होईल, ते निवू द्यावे. मग ते तेलात बारीक धारेने ओतत, घट्ट कढीसारखे होईपर्यंत लाकडी दांड्याने एकसारखे ढवळावे. कधी अर्धा तास लागतो, कधी त्याहून जास्त, कंटाळू नये. भांडे स्टीलचे किंवा जाड प्लास्टिकचे घ्यावे. जर्मलचे बिलकूल नाही, कॉस्टिक ते खातो. हातात रबरी मोजे, डोळ्यांवर चष्मा, दारे-खिडक्या उघड्या आणि लेकरे दुसऱ्या खोलीत. अंगावर उडाले तर भरपूर वाहत्या पाण्याने धुवावे.

डब्यात ओतून एक-दोन दिवसांनी वड्या कापाव्यात आणि सावलीत चार ते सहा आठवडे वाळवाव्यात. एका लिटरला शंभर ग्रॅमच्या दहा-अकरा वड्या निघतात. कपडे, भांडी, फरशी यांना उत्तम. अंगाला आणि मुलांना मात्र लावू नये. तळणाचा थोडा वास राहतो, तो माझ्या मते चालवून घ्यावा. वस्तीतल्या बचत गटाने दहा घरांचे डबे एकत्र केले तर तोलकाटा आणि मोजे यांचा खर्च वाटला जातो, आणि शिकलेल्या एकाच बाईने कॉस्टिक हाताळावा हे जास्त सुरक्षित.

दर वर्षी अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीकडे जाणाऱ्या रस्त्यांवर भोजनदानाचे मंडप लागतात. लांबून आलेल्या माणसाच्या पानात जळक्या तेलातली पुरी पडू नये एवढी काळजी प्रत्येक मंडळाने घ्यावी. उरलेले तेल थंड झाल्यावर रिकाम्या पिंपात भरावे, झाकण घट्ट लावावे आणि वर ठळक अक्षरांत ‘जळके तेल’ असे लिहावे, नाही तर दुसऱ्या दिवशी घाईत कुणी तरी तेच पुन्हा कढईत ओततो.