स्प्रिंग कापण्यापूर्वी

जुन्या मोटारी जपणाऱ्या तरुणांविषयी मला आदर आहे. भंगारात निघालेली प्रीमियर पद्मिनी घ्यायची आणि पदरमोड करून तिला पुन्हा रस्त्यावर आणायची, हा काही सोपा नाद नव्हे. परंतु एवढे सगळे केल्यावर तिच्या स्प्रिंगा कापून तिला जमिनीलगत बसवण्याची जी हौस हल्ली दिसते, ती मात्र मला पटत नाही.

ही हौस अगदीच निरर्थक आहे, असे मी म्हणणार नाही. गाडी खाली आली की गुरुत्वमध्य खाली येतो आणि वळणावर ती कमी कलते. हे शास्त्र खरे आहे. पण त्याची किंमत काय? पुढच्या स्प्रिंगचा एक वेढा कापला, की ती आखूड होते, तशीच ताठरही होते. चाकाला वरखाली व्हायला पुरेशी जागा उरत नाही. मग खड्ड्यातला धक्का थेट गाडीच्या सांगाड्याला आणि आपल्या मणक्यांना बसतो. मागच्या पाट्यांची कमान उतरवली तरी दुखणे तेच. शिवाय गावोगावचे गतिरोधक आहेतच! इंजिनखालचे ऑइल चेंबर त्यावर आपटून फुटले, तर ऐट कुठे राहिली?

‘गाडी माझी, पैसा माझा, तुमचे काय जाते?’ असे कुणी विचारील. त्याला कायद्याचे उत्तर आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करते. पण माझे उत्तर निराळे आहे. इटलीच्या फियाट ११०० पासून घडलेली ही १०८९ सी.सी.ची गाडी कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होई. १९७४ पासून ती ‘पद्मिनी’ म्हणून ओळखली गेली. मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणजे पद्मिनी, असे समीकरणच होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्या टॅक्सीही निवृत्त झाल्या. आता ज्या थोड्या गाड्या उरल्या आहेत, त्यांचे आपण मालक कमी आणि राखणदार अधिक आहोत.

रंग चुकला तर पुन्हा देता येतो. कापलेला वेढा पुन्हा जोडता येत नाही. तेव्हा मित्रहो, झिजलेले बुश बदला, शॉक ॲब्सॉर्बर नवे घाला, चाकांची अलाइनमेंट करून घ्या. एवढ्यानेही जुनी गाडी वळणावर पुष्कळ सावरते. उंची मात्र तिची तिला राहू द्या.