संशोधन आपल्या पैशाचं, कुलूप कोणाचं?

अंधेरीत वर्सोव्याला १९६१ पासून केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे. संशोधन चालतं सरकारी, म्हणजे तुमच्या-आमच्या पैशावर. पण अशा संशोधनाचे कितीतरी लेख परदेशी नियतकालिकांत छापून येतात. वाचायचे तर दाम मोजा! नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' मंजूर केलं: तीन वर्षांना ६,००० कोटी, सुमारे १३,००० नियतकालिकं. लाभ सरकारी उच्च शिक्षणसंस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्थांना. शेततळ्यात मत्स्यबीज सोडणारा कुंपणाबाहेरच.

मात्र भारतीय कृषी संशोधन परिषदेने २०१३ मध्येच शास्त्रज्ञांना सांगितलंय, फार तर वर्षभराने लेख खुला करा. कृषी विद्यापीठांचे कितीतरी प्रबंधही 'कृषिकोश'वर फुकट मिळतात. बहुतेक इंग्रजीत, हे खरं दुखणं. तेव्हा विषय घेऊन आमच्या तालुका कार्यालयात या, मराठीत समजावून मागा.