हौद्यात गालिचा

मोबदल्याचे नाहीतर द्राक्षाचे पैसे हाती आले की घरातली पोरं म्हणतात, "आबा, भारीतली पिकअप घेऊ. शेतीलाबी होईल अन् लग्नालाबी होईल." यातलं शेतीचं किती खरं, हे तपासायला दोन अमेरिकी गाड्या शेजारी उभ्या करून पाहू.

पहिली १९६३ सालची शेवरोले कॉर्व्हेट स्टिंग रे कूपे. दोन दारं, दोन माणसं, फायबरची बॉडी, ५.४ लिटरचं इंजिन. मागची काच मधोमध पट्टी घालून दुभागलेली. तशी काच त्या एकाच वर्षी आली, म्हणून शौकीन आजही तिच्यावर जीव टाकतात. डिकीला बाहेरून झाकणच नाही. बॅग दारातून सीटच्या मागे ढकलायची. आपल्या लेखी बिनकामाची. पण ती शौकाची गाडी आहे, हे तिच्याकडे बघूनच कळतं.

दुसरी २००२ सालची लिंकन ब्लॅकवूड. फोर्डच्या एफ-१५० या पिकअपवर बेतलेली, इंजिन हिचंही ५.४ लिटरचं, किंमत ५२ हजार डॉलरच्या घरात. आता हिचा हौदा बघा. खाली गालिचा, बाजूंना स्टेनलेस स्टील, आत दिवे आणि वर बटणावर उघडणारं झाकण! त्यात शेणखत कोण टाकणार? ओढ फक्त मागच्या चाकांना, म्हणजे चिखलाचंही नाव नको. अमेरिकेतल्या गिऱ्हाइकानंही पाठ फिरवली. जेमतेम ३,३५६ गाड्या निघाल्या आणि एकाच मॉडेल-वर्षात तिथला कारभार आटोपला.

माझ्या मते दोघींत कॉर्व्हेट प्रामाणिक. ब्लॅकवूडनं अंगावर कामाचे कपडे घातले आणि काम टाळलं.

आपल्याकडच्या गाड्या इतक्या वाईट नाहीत, हेही सांगतो. टोयोटाची हायलक्स २०२२ साली आली तेव्हा शोरूमची सुरुवातीची किंमत ३३.९९ लाख होती. गाडी दणकट, चारही चाकांना ओढ, घाट-चिखल तिला काहीच वाटत नाही. पण वजन पेलते पाचशे किलोच्या आसपास. म्हणजे कांद्याच्या दहा गोण्या. बोलेरो पिकअप १.७ टनाचीही मिळते, चौतीस गोण्या, अन् तीही निम्म्याहून कमी पैशांत. मार्केटला तीन-चार खेपा कोण घालणार, आणि डिझेल कुणाच्या खिशातून?

हौसेला माझी ना नाही. पैसा तुमचा, कष्ट तुमचे. फक्त हप्ता उसाच्या बिलातून फेडायचा असेल, तर शोरूममध्ये रंग बघण्याआधी कागद मागा. भरल्या गाडीच्या मंजूर वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा करा. त्यातून बसणाऱ्या माणसांचंही वजन काढा. उरेल तो तुमचा माल. सोसायटीच्या सचिवांनी आणि सरपंचांनीही विचारायला आलेल्याला हा हिशेब पाटीवर मांडून दाखवावा. पोरगं बापाचं ऐकत नाही, पण आकडा बघतं.