सही कोणाची, निर्णय कोणाचा?

बरे होण्याची आशा उरली नसताना केवळ यंत्रांच्या आधारे आपला जीव लांबवू नये, असे सज्ञान माणसाला शुद्धीवर असतानाच लिहून ठेवता येईल, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ९ मार्च २०१८ रोजी दिला. समाजवाद्यांना हा विचार नवा नव्हे. प्रा. सदानंद वर्दे यांनी १९८५ साली विधान परिषदेत याविषयी अशासकीय विधेयक मांडले होते. ते संमत झाले नाही. तेव्हा मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात अरुणा शानबाग यांना अंथरुणाला खिळून बारा वर्षे होत आली होती. पुढे आणखी तीस वर्षे त्या तशाच होत्या.

२०१८ ची पद्धत इतकी किचकट की हक्क कागदावरच राहिला. २४ जानेवारी २०२३ च्या आदेशाने ती सुलभ झाली. न्यायदंडाधिकाऱ्याऐवजी आता नोटरी वा राजपत्रित अधिकारी चालतो. इच्छापत्राची प्रत ग्रामपंचायतीच्या वा नगरपालिकेच्या सक्षम अधिकाऱ्याकडे ठेवावयाची. तथापि उपचार थांबविण्यापूर्वी प्रत्येकी तीन डॉक्टरांच्या दोन मंडळांची संमती हवीच. मुंबईत हे जमेल. मानोऱ्याला हे सहा डॉक्टर कोठून आणावयाचे?

वाशीम जिल्हा १९९८ साली अकोल्यातून वेगळा झाला, पण अत्यवस्थ रोग्याची गाडी अजूनही बहुधा अकोल्याचीच वाट धरते. तेथे खाजगी रुग्णालयात चार दिवसांत सोयाबीनचे पैसे संपतात. मग मुलगा एका छापील कागदावर सही करतो: डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध, स्वतःच्या जबाबदारीवर रोग्यास नेत आहोत. उपचार येथेही थांबतातच. परंतु रोग्याला कोणी विचारलेले नसते, मंडळ बसलेले नसते, आणि घरी वेदना शमविणारे औषधही नसते. याला स्वेच्छा म्हणणे ही क्रूर थट्टा होय. (कारंजा-शिरपूरच्या जैन परंपरेत सल्लेखना आहे, तीत निदान मनाची तयारी करण्यास अवधी असतो.)

आधी उपचार द्या, मरणाच्या हक्काचे मागाहून पाहू, असे आपल्यातील काहीजण म्हणतात. त्यांची चीड रास्त आहे, निष्कर्ष नव्हे. उपचार मिळण्याची खात्री असेल तरच त्यास दिलेला नकार खरा ठरतो, हे खरे. पण म्हणून गरिबाच्या मनात काय आहे हे विचारावयाचेच नाही काय? दोन्ही मागण्या एकत्रच लढवाव्या लागतील. वाशीमच्या कार्यकर्त्यांनी जिल्हा परिषदेला लेखी विचारावे की, गावोगावची इच्छापत्रे सांभाळणारा अधिकारी कोण आणि जिल्ह्यात मॉर्फिन कोणत्या रुग्णालयात मिळते.