मेदोवृद्धि आणि ऋतुदोष

गेल्या चैत्रांत आमच्या भाचीची एकोणीस वर्षांची कन्या चार दिवस आमच्याकडे राहावयास आली होती. मुलगी गुणी व अभ्यासू. परंतु दोन वर्षांत तिचें शरीर बरेंच स्थूल झालें होतें, गालांवर मुरूम उठले होते आणि हनुवटीवर राठ लव दिसूं लागली होती. आम्हीं वडिलकीच्या नात्यानें, आणि जन्मभर मास्तरकी केल्याच्या अधिकारानें, तिला मिताहारावर चांगलें अर्धा तास व्याख्यान दिलें. पोर खालीं मान घालून ऐकत राहिली आणि रात्रीं न जेवतांच निजली. मागाहून कळलें कीं, तिची पाळी तीन-तीन महिने येत नव्हती, आणि 'लग्न झालें म्हणजे सर्व सुरळीत होईल' असें घरांत ठरून गेलें होतें. अखेर आईनें तिला डॉक्टरांकडे नेलें. पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, म्हणजे ज्यास हल्लीं सर्वत्र 'पीसीओएस' म्हणतात, तो विकार निघाला. इतकेंच नव्हे, तर रक्तांतील साखरहि मर्यादा ओलांडूं लागली होती. आमच्या व्याख्यानाची आम्हांसच लाज वाटली, म्हणून हा विषय या महिन्यांत वाचकांपुढें मांडीत आहों.

'हॉर्मोन' हा शब्द १९०५ सालीं लंडन येथें अर्नेस्ट स्टार्लिंग या शरीरशास्त्रज्ञानें प्रचारांत आणिला. त्याचें मूळ 'चेतविणें, गति देणें' अशा अर्थाच्या ग्रीक धातूंत आहे. आणि आपल्याकडे 'ईर्' धातूपासून 'संप्रेरक' असा जो प्रतिशब्द साधला, तो त्या अर्थाशीं तंतोतंत जुळतो. एका ग्रंथीनें रक्तांत सोडलेला हा दूत दूरच्या अवयवांस कामाला लावतो. एकच दूत अनेक घरांचीं दारें ठोठावतो, एवढें ध्यानांत ठेविलें म्हणजे पुढील कोडें उलगडतें.

१९३५ सालीं शिकागो येथील स्टाइन व लेव्हेंथाल या दोन वैद्यांनीं सात स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांची पाळी बंद पडली होती व अंडाशय फुगलेले होते. अंडाशयाचा कांहीं भाग कापून काढतांच पाळी पुन्हां सुरू झाली. तेव्हांपासून हा रोग अंडाशयाचाच, अशी समजूत दृढ झाली. वास्तविक सोनोग्राफींत ज्या 'गांठी' दिसतात त्या गांठी नव्हेतच. तीं पूर्ण न पिकतां अर्ध्यावर थांबलेलीं बीजांचीं पुटकें होत. तीं कां थांबतात, याचा शोध १९८० च्या सुमारास भलत्याच ठिकाणीं लागला. तो दूत होता इन्सुलिन!

स्वादुपिंडांतून निघणारें हें संप्रेरक रक्तांतील साखर स्नायूंत पोंचवितें. पोटांत मेद सांचला म्हणजे स्नायु व यकृत त्याचें ऐकेनासे होतात. कांहीं मुलींत तर हा बहिरेपणा आनुवंशिकच असतो व मेदानें तो बळावतो. मग स्वादुपिंड अधिकाधिक इन्सुलिन ओतूं लागतें. स्नायूंना ऐकूं आलें नाहीं, तरी अंडाशयाचे कान शाबूत असतात! त्या जादा इन्सुलिनमुळें अंडाशय पुरुषी संप्रेरकें अधिक बनवितो. आणि त्या संप्रेरकांस बांधून ठेवणारें प्रथिन यकृत कमी बनवूं लागतें. परिणामीं मुरूम येतात, हनुवटीवर केस उगवतात, बीज सुटत नाहीं व पाळी लांबते. हींच संप्रेरकें पोटावरील मेदहि वाढवितात, आणि चक्र पुरें होतें. पाळी महिनोन्महिने न आल्यास गर्भाशयाचें अस्तर जाड होत जातें व पुढें तेथें कर्करोगाचा धोका संभवतो. मधुमेहाचें भय तर आहेच.

मग उपाशी राहणें हा उपाय कां नव्हे? आमच्या चरकाचार्यांनीं सूत्रस्थानांत जे आठ देह निंद्य मानिले, त्यांत अतिस्थूलाबरोबर अतिकृशहि आहे. त्याचें एक कारण आतां उमगलें आहे. १९९४ सालीं न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठांत जेफ्री फ्रीडमन यांनीं लेप्टिन या संप्रेरकाचा शोध लाविला. तें मेदांतूनच निघतें आणि शरीरांत सांठा किती आहे ही वर्दी मेंदूस देतें. सांठा फारच आटला, तर मेंदू पुढील हुकूम थांबवितो आणि पाळी बंद पडते. म्हणजे मेद हा केवळ ओझें नसून तोहि एक बोलका अवयव आहे.

दुसरा भ्रम असा कीं, सडपातळ मुलीस हा विकार होत नाहीं. होतो, आणि आपल्या लोकांस तर वजनाच्या कांट्यावर विसंबतांच येत नाहीं. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनीं २००४ सालीं 'लॅन्सेट' पत्रांत स्वतःचेंच उदाहरण दिलें. उंचीच्या मानानें दोघांचें वजन अगदीं सारखें, निर्देशांक २२.३. परंतु युडकिन यांच्या अंगांत मेद शेंकडा ९.१, तर याज्ञिकांच्या अंगांत २१.२! म्हणूनच आपल्या स्त्रियांनीं कमरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या आंत आहे कीं नाहीं हें पाहणें अधिक उपयोगाचें.

जगांत प्रजननक्षम वयाच्या दर शंभर स्त्रियांपैकीं १० ते १३ जणींस हा विकार असावा, आणि त्यांतील बहुतेकींस त्याचा पत्ताच नसतो, असा अंदाज आहे. तेव्हां पहिली पाळी येऊन तीन वर्षें लोटल्यावरहि जर दोन पाळ्यांत ३५ दिवसांहून अधिक अंतर पडूं लागलें, तर लग्नाची वाट न पाहतां डॉक्टरांकडे जावें, आणि ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन करावयाची साखरेची तपासणीहि करून घ्यावी. वजन जास्त असल्यास तें शेंकडा ५ ते १० उतरलें तरी पुष्कळ जणींची पाळी सुधारते. सत्तर किलोच्या मुलीस हें साडेतीन ते सात किलो होतें. अमुकच पथ्य श्रेष्ठ असें सिद्ध झालेलें नाहीं; जें वर्षानुवर्षें पाळतां येईल तेंच खरें. मेटफॉर्मिनसारखीं औषधें उपयोगी आहेत, पण तीं डॉक्टरांनींच ठरवावीं.

२०२३ सालच्या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय मार्गदर्शिकेंत एक सूचना आम्हांस विशेष लागली. अशा स्त्रियांत औदासीन्य व चिंता अधिक आढळते, तेव्हां वजनावरून त्यांस हिणवूं नये, असें तींत बजाविलें आहे. ज्या मुलीचें शरीर आंतूनच तिच्या विरुद्ध खटपट करीत आहे, तिला आपण आळशी व खादाड ठरवावें, हा अन्याय नव्हे काय? आणि अपत्य होईल कीं नाहीं एवढीच काळजी करून तिच्या पुढील चाळीस वर्षांच्या प्रकृतीकडे डोळेझांक करावी, हें शहाणपणाचें काय?

परवां ती पोर पुन्हां आली होती. पाळी अजून पुरती नियमित झालेली नाहीं. साखर मात्र उतरली आहे. या खेपेस आम्हीं व्याख्यान दिलें नाहीं. पहांटे उठून तिच्याबरोबर टेकडीपर्यंत चालून आलों, आणि परतल्यावर दोघांनीं मिळून भाकरी, उसळ व ताक असा पोटभर आहार केला.