मटिया बुर्ज आणि आपल्या ट्रंकेतले कागद

वाजिद अली शाह म्हटले की अनेकांना सत्यजित राय यांचा १९७७ चा 'शतरंज के खिलाडी' आठवतो. हळव्या बादशाहचे राज्य गेले आणि गोष्ट संपली. प्रत्यक्षात तो माणूस पुढे ३१ वर्षे जगला. त्यातली बहुतेक वर्षे कोलकात्याच्या एका उपनगरात, हुगळीच्या काठी गेली. त्या वस्तीचे नाव मटिया बुर्ज.

हा काठ तेव्हा गोऱ्यांचा होता. जहाजातून येणाऱ्याला गार्डन रीचचे बागबंगले आधी दिसत, शहर नंतर. फेब्रुवारी १८५६ मध्ये कंपनीने अवध खालसा केले आणि मे महिन्यात बादशाह इथे आला. न्याय मागायला त्याची आई मलिका किश्वर लंडनपर्यंत गेली. १८५८ मध्ये पॅरिसमध्ये वारली आणि तिथेच दफन झाली. बेगम हजरत महल अवधमध्ये राहून लढली. बादशाहला मात्र १८५७ च्या जूनमध्ये फोर्ट विल्यममध्ये कैद केले. दोन वर्षांनी सुटल्यावर त्याने या काठावर दुसरे लखनौ वसवले.

वर्षाला १२ लाख रुपये तनखा होता. बंगल्यांना नवी नावे मिळाली. प्राणिसंग्रहालय, कबुतरखाने, ठुमरी, कथक, मुशायरे आले. १८६४ मध्ये सिब्तैनाबाद इमामबाडा उभा राहिला. गरिबीमुळे बिर्याणीत बटाटा आला, असे आपण ऐकतो. एवढा तनखा असताना मांस परवडत नव्हते, हे मला पटत नाही.

१८८७ मध्ये बादशाह वारला आणि त्याच इमामबाड्यात दफन झाला. त्यानंतर सरकारने मालमत्ता विकली, पुष्कळ इमारती पाडल्या. तरी ती वस्ती आपल्याला आज डोळ्यांसमोर आणता येते. कारण तिथे लहानाचा मोठा झालेल्या अब्दुल हलीम शरर यांनी 'गुजिश्ता लखनौ'मध्ये तिचे वर्णन करून ठेवले.

पण शिंपी, आचारी, माहूत, कबुतरे सांभाळणारे, बादशाहच्या अनेक बेगमा, त्यांच्या दासी यांचे काय? मटिया बुर्ज आज तयार कपड्यांची मोठी बाजारपेठ आहे. वाडे गेले, सुई राहिली. तरी इतिहास म्हटले की आपण वाड्यांसाठीच रडतो. नवाबीच्या उसाशांनी आपल्याला काही मिळालेले नाही. 'तुम्ही इथले कधीपासून?' या प्रश्नाला उसासा हे उत्तर होत नाही.

आमच्या घरी ट्रंकेत पणजोबांच्या वेळचे खरेदीखत आहे. ते मोडीत आहे. घर आमचे, भाषा आमची, पण मला ते वाचता येत नाही. वाळवीने दोन कोपरे खाल्ले तेव्हा कुठे मी त्याचा फोटो काढला. ही चूक माझी आहे, सरकारची नाही.

म्हणून एक विनंती. आपल्या मोहल्ल्यातले एक घर निवडा. ते वाडाच असायला हवे असे नाही. पिंजाऱ्याचे, बागवानाचे, शिकलगाराचे चालेल. दादी-नानीला विचारा, आधी कोण राहायचे, काय काम करायचे, नदीला पूर आला तेव्हा कुठे गेले. दस्त, वक्फचे कागद, कबरीवरची तारीख यांचे फोटो घ्या. मोडी शिकवणारे वर्ग महाराष्ट्रात आहेत, तिथे जा. जे ऐकीव आहे ते ऐकीव म्हणूनच लिहा.

मराठीत लिहा. आम्ही छापू. मी माझे खरेदीखत वाचायला घेतले आहे.