मानसशास्त्र मंडळात नाव घालावे काय?

महाविद्यालयाचे नवे वर्ष सुरू झाले की सूचनाफलकावर निरनिराळ्या मंडळांची पत्रके झळकू लागतात. वाङ्मय मंडळ, विज्ञान मंडळ आणि १९६९ साली सुरू झालेली राष्ट्रीय सेवा योजना ही नावे पालकांच्या पिढीलाही परिचयाची आहेत. मानसशास्त्र मंडळाचे नाव मात्र अनेक घरांत अजून नवे आहे. मुलगा किंवा मुलगी ते पत्रक घेऊन घरी आली की पहिला प्रश्न येतो, "याने गुण वाढतात का?" दुसरा येतो, "वर्गणी किती?" आणि घरात आजी असेल तर तिसराही येतो, "वेड्यांचा अभ्यास करणाऱ्यांत आपल्या पोरीने कशाला जायचे?"

हे तिन्ही प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत. वेळ नदीकाठच्या तळेगाव ढमढेरे येथून पुण्याला शिकावयास जाणाऱ्या मुलीचा दिवस डोळ्यांपुढे आणावा. सकाळी लवकर डबा घेऊन निघावयाचे, शिक्रापुराजवळ पुणे-अहिल्यानगर रस्त्याला लागावयाचे, वाघोलीच्या गर्दीतून वाट काढीत महाविद्यालय गाठावयाचे, आणि संध्याकाळी तोच प्रवास उलट दिशेने. मंडळाची सभा सहसा तासिका संपल्यावर असते. सभेसाठी थांबले तर बस चुकते, बस चुकली तर घरी पोहोचेपर्यंत सूर्य मावळतो, आणि घरी चौविहाराचा नियम असेल तर त्या दिवशी मुलगी उपाशी राहते. अशा घरात मंडळाचे सभासदत्व ही केवळ हौसेची बाब राहत नाही. त्यासाठी घरातील प्रत्येकाला काही ना काही सोडावे लागते. म्हणूनच त्या बदल्यात काय मिळते, हे नीट पाहणे अगत्याचे आहे.

अशा मंडळांचा इतिहास विद्यार्थ्यांच्याच पुढाकाराने घडला आहे. अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठात शिकणाऱ्या एडविन न्यूमन आणि फ्रेडरिक लुईस या दोघांच्या मनात मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांची देशव्यापी संस्था असावी असा विचार आला. ४ सप्टेंबर १९२९ रोजी, येल विद्यापीठात मानसशास्त्राची नववी आंतरराष्ट्रीय परिषद भरली असताना, ती संस्था स्थापन झाली. रशियाचे थोर शास्त्रज्ञ पावलोव्ह याच परिषदेस उपस्थित होते. संस्थेचे पहिले नाव भौतिकशास्त्राच्या एका सन्मान-संस्थेच्या नावाशी जुळत असल्याने ते बदलून 'साय काय' असे ठेवण्यात आले. ही दोन ग्रीक अक्षरांची नावे आहेत. पदवीच्या विद्यार्थ्याला तेथे प्रवेश मिळावयाचा तर त्याचे गुण वर्गातील वरच्या ३५ टक्क्यांत बसावे लागतात. वर्गणी एकदाच भरावयाची असून सभासदत्व आयुष्यभराचे असते. परदेशी शिकणाऱ्या मराठी मुलांच्या हाती जेव्हा अशा संस्थेचे निमंत्रण येते, तेव्हा घरच्यांनी एक गोष्ट पडताळून घ्यावी. महाविद्यालयात त्या संस्थेची शाखा आहे काय आणि विभागातील प्राध्यापक तिला ओळखतात काय, हे विचारावे. केवळ पैसे भरून घेऊन प्रशस्तिपत्र पाठविणाऱ्या संस्थाही जगात आहेत. सन्मान-संस्थांचे निकष ठरविणारा एक संघ अमेरिकेत १९२५ पासून आहे, तो उगाच निर्माण झाला नाही.

भारतातही हा विषय परका नाही. कोलकाता विद्यापीठात १९१६ साली नरेंद्रनाथ सेनगुप्ता यांच्या नेतृत्वाखाली मानसशास्त्राचा विभाग सुरू झाला. १९२४ साली भारतीय मानसशास्त्र संघ स्थापन झाला. महाराष्ट्रात महाविद्यालयीन मंडळे बहुधा गुणांची अट न घालता चालतात. विषय शिकणारा कोणीही नाव घालू शकतो. हा भेद महत्त्वाचा आहे. सन्मान-संस्था जे झाले त्याचा गौरव करते. मंडळ जे व्हावयाचे आहे त्याची तयारी करून घेते. तळेगावच्या मुलीला, जिचे इंग्रजी कदाचित अजून अडखळते आणि जी वर्गात प्रश्न विचारावयास संकोचते, दुसऱ्या प्रकारच्या जागेची गरज अधिक आहे.

सन्मानाविषयी जैन विचार मुळातच सावध आहे. क्रोध, मान, माया आणि लोभ या चार कषायांत मानाची गणना आहे. याउलट दुसऱ्याचा गुण पाहून होणारा आनंद म्हणजे प्रमोद. मैत्री, कारुण्य आणि माध्यस्थ्य यांच्याबरोबर त्याला भावनांत स्थान आहे. भिंतीवर प्रमाणपत्र टांगण्यासाठी सभासद झालेला विद्यार्थी मानाच्या वाटेने जातो. सहाध्यायाने सादर केलेला चांगला निबंध ऐकून ज्याचे मन फुलते आणि ज्याला स्वतःही अभ्यास करावासा वाटतो, तो प्रमोदाच्या वाटेने जातो. वर्गणीची पावती दोघांच्याही हाती सारखीच असते.

मग मंडळात प्रत्यक्ष काय चालते? चांगले मंडळ तीन गोष्टी शिकविते.

पहिली गोष्ट म्हणजे मिळून प्रश्न विचारणे. स्वाध्यायाचे पाच प्रकार शास्त्राने सांगितले आहेत, ते वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश. वाचावे, विचारावे, चिंतन करावे, उजळणी करावी आणि मग इतरांना सांगावे, असा हा क्रम. परीक्षेच्या धावपळीत विद्यार्थी पहिल्या आणि चौथ्या पायरीवरच घुटमळतो. तो वाचतो आणि पाठ करतो. मधली पृच्छना आणि अनुप्रेक्षा सुटून जाते. मंडळाच्या बैठकीत एखादा शोधनिबंध सर्वांनी वाचून येणे, त्यातील निष्कर्ष कोणत्या लोकांवरून काढला, किती लोकांवरून काढला, तो शिरूर तालुक्यातील शेतकऱ्याच्या मुलाला लागू पडेल काय, असे विचारणे, ही खरी पृच्छना होय. एबिंगहाऊसने १८८५ साली स्मरणावरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले तेव्हा प्रयोग करणारा आणि ज्याच्यावर प्रयोग होतो तो, दोन्ही तो स्वतःच होता. मंडळात मात्र जोडीने काम होते. आज एक जण प्रयोग घेतो, उद्या दुसरा. शब्दांची यादी किती वेळाने किती विसरली जाते, हे मित्रावर अजमावून पाहिलेला विद्यार्थी तो धडा सहसा विसरत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे ऐकणे आणि ऐकलेले जपणे. मन मोकळे करावयास आलेल्या माणसाला उपदेश नको असतो, त्याला आधी कान हवा असतो. मानसिक प्रथमोपचारासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली जी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली, तिचा गाभा तीन क्रियापदांत सांगता येतो, तो असा की पाहा, ऐका आणि जोडून द्या. संकटातील माणसाची स्थिती पाहावी, त्याचे ऐकून घ्यावे आणि योग्य मदतीशी त्याला जोडून द्यावे. मंडळात याचा सराव करता येतो. ऐकलेले बाहेर न जाऊ देणे हा त्या सरावाचा कणा आहे. जैन परंपरेला ही कल्पना जुनी आहे. शिष्याची आलोचना ऐकणाऱ्या आचार्यांच्या अंगी जे गुण असावेत म्हणून सांगितले आहे, त्यांत 'अपरिस्रावी' हा एक गुण आहे. ज्याच्यातून काही पाझरत नाही, तो अपरिस्रावी. गावात सगळे सगळ्यांना ओळखतात, एका दुकानात बोललेले संध्याकाळपर्यंत पेठेभर होते. अशा ठिकाणी वाढलेल्या मुलीने हा एक गुण जरी मंडळातून घरी आणला, तरी घेतलेल्या श्रमांचे चीज झाले.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड. आपली मर्यादा ओळखणे. मानसशास्त्राची दोन वर्षे झाली की नातेवाईक सल्ला विचारू लागतात, मैत्रिणी मन उघडे करतात, आणि विद्यार्थ्यालाही वाटू लागते की आपल्याला माणसे कळतात. येथेच धोका आहे. भारतात चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करावयाचे तर मान्यताप्राप्त उच्च प्रशिक्षण आणि भारतीय पुनर्वसन परिषदेकडील नोंदणी आवश्यक असते. पदवीचा विद्यार्थी उपचार करू शकत नाही आणि करू नये. जिवाचे बरेवाईट करून घेण्याची भाषा करणाऱ्या मैत्रिणीला "कोणाला सांगणार नाही" असे वचन देणे ही गोपनीयता नव्हे. तेथे विश्वासातल्या मोठ्या माणसाला आणि तज्ज्ञाला ताबडतोब सांगणे हाच धर्म. १० ऑक्टोबर २०२२ रोजी, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, केंद्र सरकारने 'टेली मानस' ही सेवा सुरू केली. १४४१६ हा तिचा निःशुल्क क्रमांक असून तेथे मराठीतूनही बोलता येते. मंडळाच्या प्रत्येक सभासदाला हा क्रमांक तोंडपाठ असावा. एखादा जीव वाचविण्यासाठी त्याला त्याहून अधिक मानसशास्त्र यावे लागेलच असे नाही.

आजीच्या प्रश्नाचे उत्तरही येथेच आहे. हा वेड्यांचा अभ्यास नव्हे. दहावीच्या निकालाने खचलेला नातू, बाळंतपणानंतर गप्प झालेली सून, दुकान मुलाच्या हाती दिल्यावर दिवस खावयास उठलेले आजोबा, हे सर्व या अभ्यासाचे विषय आहेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने शांतिलाल मुथ्था यांच्या पुढाकाराने लातूर भागातील सुमारे १२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्यास आणले. पुढे वाघोली येथे शैक्षणिक पुनर्वसनाचे काम उभे राहिले. तळेगावहून पुण्याला जाणारी मुलगी रोज त्याच वाघोलीवरून जाते. आपत्तीतून आलेल्या मुलाला वह्या-पुस्तके आणि जेवण लागते, तसेच रात्री दचकून उठल्यावर जवळ बसणारे, घाई न करता ऐकणारे माणूसही लागते. अशी माणसे आपोआप तयार होत नाहीत. ती घडवावी लागतात. सेवेला अभ्यंतर तपांत वैयावृत्त्य म्हणून स्थान देणाऱ्या समाजाला हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

राहिला प्रश्न वेळेचा. त्याला उपाय आहेत, पण ते विचारल्यावाचून सापडत नाहीत. बाहेरगावाहून येणाऱ्या विद्यार्थ्यांनी आपली अडचण मंडळाच्या प्राध्यापकांपुढे स्पष्ट मांडावी. सभा दुपारच्या सुट्टीत किंवा शनिवारी सकाळी ठेवता येते. महिन्यातून एखादाच दिवस उशीर होणार असेल, तर त्या दिवशी संध्याकाळचा डबा बरोबर नेऊन सूर्यास्तापूर्वी जेवून घेता येते, आणि वडील किंवा भाऊ शिक्रापूरच्या थांब्यावर न्यावयास येऊ शकतात. पर्युषणाच्या दिवसांत मंडळाचे कार्यक्रम असतील तर आधीच सांगून मोकळे व्हावे. संकोचाने काहीच न बोलता नाव काढून घेणे हा मात्र उपाय नव्हे. असे झाले की मंडळात केवळ शहरातील मुले उरतात, आणि मनाच्या प्रश्नांवरील चर्चा गावापर्यंत पोहोचतच नाही.

ज्या महाविद्यालयात असे मंडळ नाही, तेथे ते सुरू करणे अवघड नसते. पाच-सहा विद्यार्थी, एक मार्गदर्शक प्राध्यापक, एक खोली आणि हजेरीची एक वही एवढ्यावर आरंभ होतो. पहिल्या बैठकीत नियम ठरवावेत. येथे ऐकलेले बाहेर बोलावयाचे नाही, कोणाचे निदान करावयाचे नाही, संमतीवाचून कोणावर प्रयोग किंवा पाहणी करावयाची नाही. पुढच्या बैठकीत सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'देवराई', 'अस्तु' किंवा सुवर्णकमळ मिळविलेला 'कासव' यांपैकी एखादा चित्रपट एकत्र पाहून त्यावर बोलावे. अनुक्रमे छिन्नमनस्कता, स्मृतिभ्रंश आणि नैराश्य हे विषय या चित्रपटांनी मराठी घराघरांतील भाषेत मांडले आहेत. वर्षातून एकदा पूर्वपरवानगीने पुण्यातील मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रास भेट द्यावी. १९८६ पासून चाललेले ते काम पाहिल्यावर व्यसनी माणसाकडे पाहण्याची दृष्टी बदलते. दहा ऑक्टोबरच्या सुमारास गावातील शाळेत, स्थानकात किंवा मंदिराच्या सभागृहात तासाभराची मराठी सभा घ्यावी, आणि १४४१६ हा क्रमांक फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहावा. शिकलेले इतरांना सांगणे ही स्वाध्यायाची पाचवी पायरी अशा रीतीने पूर्ण होते.

पालकांनी मुलांना नकार देण्यापूर्वी किंवा होकार देण्यापूर्वीही एक प्रश्न विचारावा, "मंडळात तू काय करणार आहेस?" उत्तर "प्रमाणपत्र मिळते" एवढेच असेल, तर वर्गणीचे पैसे पुस्तकांना लावणे बरे. उत्तर "आम्ही मिळून वाचतो, प्रयोग करतो, ऐकावयास शिकतो" असे असेल, तर महिन्यातील ती एक उशिराची संध्याकाळ घराने आनंदाने द्यावी. आणि मुलगी घरी आली की त्या दिवशी मंडळात काय झाले, हे तिला आवर्जून विचारावे. कोणाचे गुपित नव्हे, तर ती स्वतः काय शिकली ते. ऐकण्याचा सराव घरच्यांनाही त्यातूनच होईल.